चार मिनिटं अकरा सेकंद

"आवाज येतोय बघा, काका. तुमचाच आहे ना?" मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईने मान वर न करता विचारलं, आणि काउंटरला टेकून उभ्या असलेल्या दोघांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. स्वतःचा फोन तिने काचेवर आडवा ठेवला होता, आवाज पूर्ण मोठा. "अगं, इकडे बघ. इकडे! कॅमेरा कुठे आहे एवढंही कळत नाही? हं, आता बोल. नाही, असं नाही. परत." मग एका बाईचा आवाज, "काय बोलू पण?" आणि तो संपायच्या आत पुन्हा पहिला, "काय बोलू म्हणजे? तोंड आहे ना तुला?" कोरडा, किंचित नाकातला, प्रत्येक शब्द शिक्का मारल्यासारखा खाली ठेवणारा आवाज. कोण हा शिष्ट माणूस, असं त्याच्या मनात आलं, आणि ते अगदी मनापासून आलं, कसलीही भेसळ नसलेला तिरस्कार. दोन सेकंद, फार तर अडीच. मग त्याला कळलं. "हो," तो म्हणाला, "माझाच."

तिथपर्यंत दोन दिवस तो फक्त यंत्रांचा तिरस्कार करत होता आणि त्यात त्याला एक प्रकारचं सुख होतं. यंत्रांवर चिडायचा आपल्याला हक्क आहे, असं तो मानत असे. घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याने चौतीस वर्षं माहितीपत्रकं लिहिली होती. इस्त्री, मिक्सर, पाणी तापवायचे हीटर, कपडे धुण्याची मशिनं. शहरातल्या निम्म्या घरांच्या खणांमध्ये त्याची वाक्यं घडी घालून पडलेली होती, वॉरंटीच्या कार्डाखाली, कोणी न वाचलेली. लोक वाचत नाहीत हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. हात भाजून घेतात, मोटार जाळतात, मग तक्रारीचं पत्र लिहितात आणि त्या पत्रातही शुद्धलेखनाच्या चुका. अशा जगाला सूचना देत राहायचं म्हणजे जगाकडे थोडं वरूनच बघावं लागतं. 'कृपया' हा शब्द कुठे घालायचा आणि कुठे नाही यावरून त्याने तीन साहेबांशी भांडण केलं होतं. धोका जिथे खरा असतो तिथे 'कृपया' नसतं, हा त्याचा सिद्धांत होता. निवृत्त झाला त्या दिवशी साहेबांनी भाषणात हा सिद्धांत विनोद म्हणून सांगितला, आणि हसणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा त्याने लक्षात ठेवला.

शनिवारी सकाळी मुलीचा फोन आला. मुलीला तो लहानपणापासून भिंगरी म्हणायचा, आता ती पस्तिशीला आली तरी. "बाबा, आईचे व्हिडिओ आहेत ना तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवर? पिल्लू विचारतेय, आजी कशी बोलायची. माझ्याकडे नुसते फोटो आहेत." बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती, नात तेव्हा तीन वर्षांची, तिला आजीचा हात आठवत होता, आवाज नाही. "आहेत की," तो म्हणाला, "फोनवर घेतो आणि पाठवतो. दहा मिनिटांचं काम." फोन ठेवताना त्याला बरंही वाटलं होतं. आपण जपून ठेवलंय, कोणाला तरी लागलंय.

फोन केबलने कॉम्प्युटरला जोडला. फोनने आरामात वीज प्यायला सुरुवात केली आणि कॉम्प्युटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. केबल काढली, उलटी केली, पुन्हा लावली. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "वरची पट्टी खाली ओढा, तिथे फाईल ट्रान्स्फर निवडा." "हे कुठे लिहिलंय?" "कुठेच लिहिलेलं नसतं हो बाबा. करून बघायचं असतं." करून बघायचं असतं! चौतीस वर्षांवर तिने किती सहज बोळा फिरवला. निवडलं. मग कॉम्प्युटरने फोन ओळखला, पण त्याच्या पोटात काहीच नाही असं दाखवलं. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. मग फाईली जाऊ लागल्या. हिरवी पट्टी सरकत सरकत नव्याण्णव टक्क्यांवर आली आणि तिथे उभी राहिली, दारात येऊन आत न येणाऱ्या पाहुण्यासारखी. पाऊण तास. शेवटी पडद्यावर आलं, 'काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.' त्याने ते वाक्य मोठ्याने वाचलं. काहीतरी म्हणजे काय? चुकलं कोणाचं? कर्ता पळून गेलेलं वाक्य. त्याच्या हाताखाली कोणी असं लिहिलं असतं तर त्याने कागद परत फेकला असता. असं वाक्य लिहिणारा कुठेतरी पगार घेत असेल, चष्मा पुसत असेल, दुपारी मित्रांबरोबर जेवत असेल. त्याने पुन्हा प्रयत्न केला. रविवारी दुपारी एकदाच्या तेवीसच्या तेवीस फाईली फोनवर पोचल्या आणि तेवीस राखाडी चौकोन होऊन बसल्या. कुठल्याही चौकोनावर बोट ठेवलं की एकच, 'हा प्रकार समर्थित नाही.' समर्थित! आणि तरीही, खरं सांगायचं तर, या सगळ्यात तो मजेत होता. मूर्खपणा बाहेर होता, समोर होता, आणि तो बरोबर होता.

म्हणून सोमवारी पेन ड्राइव्ह खिशात घालून तो या दुकानात आला. दुकान कसलं, जिन्याखालचा कोनाडा. बाई चाळिशीची, कपाळावर भिंग अडकवलेलं, समोर उघडलेल्या फोनांची पोटं. तिने पेन ड्राइव्ह लावला, पाहिलं आणि म्हणाली, "जुन्या कॅमेऱ्यातल्या आहेत, काका. फोनला कळत नाहीत. बदलून घ्याव्या लागतील, मग चालतील. एक करून दाखवते." आणि केली. आणि लावली. आणि तो आवाज काचेवर सांडला.

"ठेवून जा," बाई म्हणाली, "संध्याकाळपर्यंत सगळ्या करून देते. एकेक उघडून बघावी लागते, आवाज नीट आलाय का म्हणून." एकेक उघडून. त्याचा हात आपोआप पेन ड्राइव्हवर गेला. "नको. घरी करतो मी." "जमेल ना?" तिच्या आवाजात काही नव्हतं, साधी चौकशी होती, तरी त्याला ती टोचली. "मी यंत्रांचीच कामं केलीत," तो म्हणाला. बाईने खांदे उडवले, एका पावतीच्या मागे चार ओळी लिहिल्या आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. रस्त्यावर आल्यावर त्याने तो वाचला. हा प्रोग्रॅम उतरवा. फाईल त्यात ओढा. दुसरं नाव द्या, जुनी पुसू नका. मग फोनवर घ्या. चुका शोधायच्या सवयीने त्याने दोनदा वाचलं. एकही चूक नव्हती. एक शब्दही जास्त नव्हता. पावतीमागे, उभ्या उभ्या, तिने ते लिहिलं होतं, आणि याचा त्याला इतका राग आला की सिग्नल हिरवा झाल्यावरही तो तसाच फुटपाथवर उभा राहिला.

बायको चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. चालता चालता त्याला ते दुकान आठवलं. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत तो तिथे एकदाच गेला होता, घराची किल्ली विसरली म्हणून. ती आतल्या अंधाऱ्या खोलीत एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर ती जड, गोल भिंगांची फ्रेम चढवून बसली होती आणि बोलत होती. सलग. म्हाताऱ्याच्या गावाबद्दल, सुनेबद्दल, वर्तमानपत्र कुठल्या खिडकीत बसून वाचता त्याबद्दल, मधेच एक भिंग काढून दुसरं घालत, हसत, त्याला हसवत. पडद्याआड उभं राहून तो ऐकत होता. ही घरी असं बोलत नाही, एवढंच तेव्हा त्याच्या मनात आलं, आणि त्याचं कारणही लगेच सापडलं: गिऱ्हाइकांशी बोलावंच लागतं, ते धंद्याचं बोलणं. किल्ली घेऊन तो निघून आला. रात्री जेवताना तिला म्हणाला होता, किती बडबड करतेस तिथे. ती म्हणाली, "हं."

घरी येऊन त्याने खिडकी लावली, बाहेर कोणी ऐकणार नव्हतं तरी. पावतीवरच्या ओळींप्रमाणे प्रोग्रॅम उतरवला. बदलायच्या आधी प्रत्येक फाईल बघायची, चांगल्या तेवढ्या ठेवायच्या, असं त्याने ठरवलं, आणि हे ठरवणं त्याला कामासारखं वाटलं, म्हणजे बरं वाटलं. पहिली क्लिप. नवीन पडदे लावल्याचा दिवस. तो: "पडद्याजवळ उभी राहा. जवळ म्हणजे जवळ. आता सांग कोणते पडदे, कधी घेतले." ती: "हे पडदे आम्ही परवा..." तो: "परवा नाही, शुक्रवारी. परत." दुसरी क्लिप, भिंगरीचा वाढदिवस. तो: "मेणबत्त्या आधी मोजून घ्या." तिसरी, कुठल्याशा तळ्याकाठी. बायको पाण्याकडे बघून काहीतरी म्हणतेय, वारा आहे, तिचे ओठ हलताना दिसतात, आणि कॅमेऱ्याजवळ, स्पष्ट, त्याचं: "मोठ्याने बोल, वारा आहे कळत नाही का." मग ती बोलायचीच थांबते आणि हसते. ते हसू त्याला अल्बममधल्या फोटोंतून माहीत होतं. शांत, समाधानी बाईचं हसू म्हणून त्याने ते मोठं करून भिंतीवर लावलं होतं. आता समोर त्याच्या आधीचे चार सेकंद होते आणि त्या चार सेकंदांनंतर ते हसू काय आहे ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ते तोंड बंद केल्याचं हसू होतं.

सहाव्या क्लिपनंतर तो कागद घेऊन बसला आणि तिची वाक्यं लिहून काढू लागला. नातीला द्यायला काहीतरी निवडायला हवं ना. "काय बोलू पण." "बरं." "हे पडदे आम्ही परवा." "थांबा हो, तिला खाऊ दे." "बरं, परत." चौदाव्या क्लिपपर्यंत अर्धा कागदही भरला नाही. सगळ्यात लांब वाक्य पाच शब्दांचं निघालं. बाकी सगळीकडे तो. तो सरळ उभं राहायला सांगत होता, तारखा दुरुस्त करत होता, मुलीचं जोडाक्षर सुधारत होता, सूर्य कुठे आहे ते समजावत होता. आणि त्याला हे भयंकर वाटायला हवं होतं, पण आधी वाटली ती शिसारी, सकाळी काउंटरवर वाटली तीच. किती कंटाळवाणा माणूस! शेजारी राहायला आला असता तर याच्याशी आपण जिन्यातसुद्धा बोललो नसतो. बसमध्ये शेजारी बसला असता तर उठून उभे राहिलो असतो. तुच्छतेची त्याला इतकी वर्षं सवय होती की ती आपोआप चालू झाली, चांगली धारदार, आणि फक्त पातं कोणीकडे आहे एवढंच बदललं होतं.

शेवटच्या, तेविसाव्या क्लिपमध्ये चित्र नव्हतंच. म्हणजे टेबलाची कड, वाटीचा अर्धा गोल आणि बायकोचं कोपर, बस. त्याचा आवाज दूर जाताना: "हात लावू नका कोणी, मी बॅटरी घेऊन येतो." दार. चपला. मग आठ वर्षांच्या भिंगरीचं कुजबुजणं, "आई, कर ना. बाबांचं कर ना." "नको गं, येतील." "बॅटरी कपाटाच्या वर आहे. वेळ आहे. कर ना!" कोपर हललं. घसा साफ केल्याचा आवाज आला. आणि मग त्याचाच आवाज, कोरडा, किंचित नाकातला, तिच्या तोंडून: "बायको वापरण्यापूर्वी हे पत्रक नीट वाचावे. एक. बायको सपाट व कोरड्या जागी ठेवावी. दोन. ओल्या हाताने बायकोला स्पर्श करू नये." भिंगरीला हसू फुटलं. "तीन. बायकोतून आवाज येत असल्यास घाबरू नये, तो थोड्या वेळाने बंद होतो. चार. आवाज बंद न झाल्यास बायको स्वतः उघडून बघण्याचा प्रयत्न करू नये. पाच. हे काय, हसतेस काय? सरळ बस. परत. पहिल्यापासून. मुलगी वापरण्यापूर्वी..." मग तीही हसू लागली, आणि तिचं हसणं कुठल्या कुठे गेलं, वर, मोकळं, वाटी टेबलावर नाचेल असं. हसणं ओसरल्यावर ती आपल्या आवाजात बोलायला लागली. दुकानात एकदा कोणी बाई दोन वेगवेगळे चष्मे एकावर एक घालून आली होती तो किस्सा, त्या बाईचा आवाज काढून, तिच्या नवऱ्याचा आवाज काढून, एकही 'परत' न येता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. शेवटी दार वाजलं. त्याचं: "काय चाललंय?" तिचं: "काही नाही." क्लिप संपली. चार मिनिटं अकरा सेकंद.

त्याने पहिलं काय केलं? क्रम तपासला. स्पर्शाची सूचना आधी यायला हवी, ठेवण्याची नंतर. तिने उलटं केलं होतं. हे मनात येऊन गेलं आणि मग तो खुर्चीत मागे टेकला. मग पुन्हा लावली. पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकताना त्याला राग आला, आत्तापर्यंतचा सगळ्यात खरा. ह्यांनी माझ्या पाठीमागे, माझ्याच टेबलावर. एकदा नसणार हे, कित्येकदा; 'बाबांचं कर' म्हणजे तो घरातला ठरलेला खेळ होता, आणि तो दाराबाहेर गेला की घर उघडत होतं. चौथ्यांदा राग कमी भरला. त्याने फाईलवर बाण नेला आणि पुसण्याचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'ही फाईल कायमची पुसायची का? नंतर परत मिळणार नाही.' तीन दिवसांत यंत्राने लिहिलेलं हे पहिलं नीट वाक्य होतं. त्यात 'कृपया' नव्हतं. त्याने 'नाही' दाबलं, हात पुसले, आणि पावतीवरच्या चार ओळी पुन्हा वाचून एकेक करत काम केलं. पट्टी सरळ गेली, कुठेही अडली नाही. फोनमध्ये चोविसावा चौकोन उमटला, आणि तो राखाडी नव्हता.

पाठवायला गेला तर फाईल फार मोठी निघाली. मंगळवारी सकाळी फोन खिशात घालून तो स्वतःच मुलीकडे गेला. जाताना बसमध्ये दोनदा उतरायचं ठरवलं. भिंगरीने दार उघडलं, पिल्लू मागून धावत आली, "आजी आणली?" त्याने क्लिप लावून फोन टेबलावर ठेवला. पहिल्या 'हात लावू नका कोणी'लाच भिंगरीचा चेहरा बदलला. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि शेवटपर्यंत तशीच राहिली. 'बायको वापरण्यापूर्वी'ला तिच्या तोंडून एक आवाज निघाला, हसणं म्हणावं तर ते हसणं नव्हतं. संपल्यावर ती म्हणाली, "कॅमेरा मीच चालू केला होता. आईला माहीत नव्हतं." आणि मग, "तुम्ही हा कधी बघितलाच नव्हता ना? मला वाटायचं, बघितलात आणि पुसलात. मला वाटायचं, म्हणून तुम्ही नंतर कॅमेरा काढलाच नाहीत."

"कॅमेरा बिघडला होता," तो म्हणाला. ते खरं होतं, आणि खोटं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

पिल्लूला ह्यातलं काहीच नको होतं. तिने फोन दोन्ही हातांत धरला होता. "आजी कोणासारखं बोलतेय?"

"माझ्यासारखं," तो म्हणाला.

"सेम आहे!" तिने त्याच्याकडे नवीन आदराने पाहिलं, जणू एवढी हुबेहूब नक्कल होण्याजोगं त्याच्यात काहीतरी आहे. "आता तुम्ही आजीचं करा."

"पिल्लू," भिंगरी म्हणाली. तीही थांबली. त्याला दिसलं की ती वाट बघतेय.

त्याने तोंड उघडलं. इतक्या वर्षांत ती रोज काहीतरी म्हणत असणार, सकाळी, दाराशी, ताट वाढताना, आजारपणात उशीवर मान वळवून. त्याने त्यातलं एखादं शोधलं. शब्द येत होते, पण ते कागदावरचे शब्द होते, त्यांना उंची नव्हती, श्वास नव्हता. "अहो," तो शेवटी म्हणाला, "चहा झालाय."

पिल्लूने मान तिरकी करून ऐकलं. "नाही," ती म्हणाली, "हे परत तुमचंच झालं."

"अहो," त्याने आवाज बारीक केला, "चहा..."

"नाही नाही नाही." तिने त्याचा हात धरून त्याला खुर्चीवर बसवलं, फोन त्याच्या मांडीवर ठेवला, आणि स्वतः समोर उभी राहून बोट वर केलं. "आधी सगळं ऐकायचं. मधे बोलायचं नाही. मग करायचं." आणि तिने बोट चौकोनावर ठेवलं. त्याने मान खाली घातली आणि फोन कानाजवळ धरला.